स्वस्त पडलं, पण कोणाच्या जिवावर?

पूर्वी माणसं प्रवासाहून आली की काय पाहिलं ते सांगायची. हल्ली किती लागले ते सांगतात, आणि तेसुद्धा मोठ्या अभिमानाने खालचा आकडा! 'वीस हजारांत श्रीलंका', 'रोज आठशे रुपयांत व्हिएतनाम', 'बँकॉकला चार दिवस, राहायचा खर्च शून्य'. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला असो, बँकेच्या रांगेतला असो की भाच्याचा मित्र असो; पाठीला सॅक, पायात फ्लोटर्स आणि जिभेवर आकडा. आकडा जितका लहान तितका माणूस मोठा, असा काहीतरी नवा नियम निघालेला दिसतो. माझं या आकड्याशी भांडण आहे.

स्वस्तात फिरण्याशी मात्र माझं मुळीच भांडण नाही. मी पेन्शनवर जगणारी, त्र्याहत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका. महाग फिरणं मला परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई (त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण गुडघे माझ्याहून दहा वर्षांनी तरुण) अशा दोघी सोळा दिवस श्रीलंकेत पाठीवर पिशव्या टाकून फिरलो. विमानाचं तिकीट वगळून माणशी रोज बाराशे भारतीय रुपये, असं इथूनच ठरवून गेलो होतो. हिशेबाची वही अर्थात गणिताच्या बाईंकडे. म्हणजे स्वस्ताईबद्दल मी जे बोलणार आहे ते सोफ्यावर बसून बोलत नाही, एवढं लक्षात असू द्या.

मुद्दा असा की स्वस्तात दोन रीतींनी फिरता येतं. पहिली रीत म्हणजे तिथली साधी माणसं ज्या बसने जातात त्या बसने जायचं, जे खातात ते खायचं आणि त्याचे ते जेवढे देतात तेवढे द्यायचे. दुसऱ्या रीतीत आपल्याला हवं ते सगळं घ्यायचं आणि समोरच्याला दाबून त्याचे पैसे कमी द्यायचे. वहीत दोन्हींचा आकडा सारखाच येऊ शकतो, म्हणून तर घोटाळा होतो. आकडा ऐकून माणूस कसा फिरला ते कळत नाही.

पहिल्या रीतीला श्रीलंकेसारखा देश नाही. लाल रंगाच्या सरकारी बस खेडोपाडी जातात. दाराजवळच्या पहिल्या जागा भिक्षूंसाठी राखीव असतात. कोणी भिक्षू चढला की बसलेला माणूस मुकाट्याने उठतो. कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं की तो तिथल्या माणसाला जे तिकीट देतो तेच तुम्हाला देतो. दुपारी बाराच्या सुमाराला टपऱ्यांवर भाताची पुडकी रचून ठेवलेली असतात: भात, नारळाच्या दुधातली मसुरीची आमटी, एखादी पालेभाजी, फणसाची किंवा भोपळ्याची भाजी आणि पोळ संबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल चटणी. (शाकाहारी मंडळींनी या चटणीत वाळवलेला मासा नाही ना, हे आधी विचारावं. बहुधा असतो.) त्यांच्या चारेकशे रुपयांत ते पुडकं मिळायचं, म्हणजे आपले सव्वाशेच्या आत. आम्हा दोघींना एक पुरायचं. चहाच्या टपरीवर बसलात तर न मागता एक ताटली पुढे येते. तिच्यात वडे, रोल, बन असं सगळं असतं. जे खाल तेवढ्याचेच पैसे, उरलेलं परत जातं. पहिल्या दिवशी गणिताच्या बाई घाबरल्या, त्यांना वाटलं सगळ्याचेच पैसे लागणार!

आणि भाषा. सिंहलीत मोजायला शिका, मराठी माणसाला अर्धा तास लागतो. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. सहाच्या 'स'चा 'ह' झाला, साताचं 'हत' झालं, आठ जवळजवळ आठच राहिले. मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. 'कीयद?' म्हणजे किती. एवढ्यावर आमचे सोळा दिवस निघाले.

आता दुसरी रीत. ती मी हापुतळेला पाहिली. हापुतळे हे डोंगराच्या धारेवर वसलेलं गाव. एका विधवा बाईंच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात. आम्ही एकीत होतो. दर तीन हजार, त्यांचे. म्हणजे आपले साडेआठशे, दोघींत. स्वच्छ चादरी, गरम पाणी, सकाळी नारळाच्या दुधाचा किरीबत आणि चहा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या खोलीसाठी दोन तरुण आले, पुण्या-मुंबईकडचे, आपसांत मराठीत बोलत होते. त्यांना सिंहली फक्त दोन शब्द येत होते: 'अडु करन्न', म्हणजे कमी करा. तेवढेच शिकून आले होते! तीन हजारांपासून सुरुवात झाली, पंचवीसशे झाले, बावीसशे झाले. मग एकाने सॅक पाठीला लावून निघाल्यासारखं केलं. अंधार पडत होता, पाऊस भुरभुरत होता, बाईंची खोली रिकामी होती. अठराशेला सौदा ठरला. दुसरा हसून म्हणाला, "म्हातारीला पंधराशेपर्यंत आणता आलं असतं."

मी पडवीतच बसले होते. "कुठल्या शाळेत होता रे तुम्ही?" असं विचारलं. दोघे दचकलेच. "अय्या, काकू, तुम्ही मराठी?" वगैरे झालं. मुलं वाईट नव्हती, हे सांगायला हवं. त्यांनी मला चहा आणून दिला, गणिताच्या बाईंच्या मोबाइलचं काहीतरी बिघडलं होतं ते दुरुस्त करून दिलं. त्यांचं म्हणणंही सरळ होतं: "काकू, इकडे असंच करायचं असतं. नाही केलं तर लुबाडतात. आणि त्यांना परवडतं म्हणूनच देतात ना? नसतं परवडत तर नाही म्हटलं असतं."

गणिताच्या बाईंनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. बाराशे श्रीलंकन रुपये वाचले, म्हणजे साधारण तीनशे चाळीस भारतीय. दोघांत वाटले तर प्रत्येकी एकशे सत्तर. पुण्यात एवढ्यात धड एक सँडविच-कॉफी येत नाही. त्या रात्री त्यांनी गावातून बिअरच्या चार बाटल्या आणल्या, त्यांचे किती झाले ते विचारायची आम्हाला गरज वाटली नाही. बिअरच्या दुकानात कोणी 'अडु करन्न' म्हणत नाही. मॉलमध्ये, विमान कंपनीत, मोबाइलच्या दुकानात म्हणत नाहीत. जिथे छापील किंमत आहे तिथे आपण मुकाट्याने देतो, आणि जिथे समोर माणूस आहे तिथेच आपल्याला काटकसर आठवते!

'परवडतं म्हणून देतात' हे वाक्य मला फार खटकतं. रिकामी खोली अठराशेला जाणं हे तीन हजारांपेक्षा वाईट आणि शून्यापेक्षा बरं, एवढंच त्या 'हो'मध्ये असतं. त्याला परवडणं म्हणत नाहीत.

आणि तो देश स्वस्त का झाला, हे त्या वीस हजारवाल्यांपैकी कोणीच सांगत नाही. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण दोनशे श्रीलंकन रुपये पडत. मार्चमध्ये बांध फुटला आणि मे महिन्यापर्यंत तो आकडा तीनशे साठच्या आसपास गेला. आपल्या एका रुपयाला त्यांचे पावणेतीन मिळायचे, ते साडेचारच्या वर मिळू लागले. (आम्ही गेलो तेव्हा साडेतीनच्या आसपास मिळत होते.) एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली. रिक्षावाले पेट्रोलच्या रांगेत रात्री काढत होते. स्वयंपाकाचा गॅस मिळेना, दुधाची पावडर मिळेना, औषधं मिळेनात, एक वेळ तर दिवसाला तेरा तास वीज जात होती. कागद आणायला परकीय चलन नाही म्हणून मार्चमध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या. पूर, दंगल, संप यांनी परीक्षा पुढे गेलेल्या पाहिल्या, पण कागदावाचून परीक्षा थांबल्याचं कधी ऐकलं नव्हतं. जुलैमध्ये लोक राष्ट्रपतींच्या निवासस्थानात शिरले आणि राष्ट्रपती देश सोडून गेले. सप्टेंबरमध्ये महागाईचा दर सत्तर टक्क्यांच्या घरात पोचला.

आमच्या घरमालकीणबाईंनी त्या वर्षी मागच्या अंगणात तीन दगड मांडून लाकडांवर स्वयंपाक केला. पाहुणे नाहीत. थोरल्या मुलाला आखातात धाडलं. बाई हे रडत सांगत नव्हत्या, तांदूळ निवडता निवडता सांगत होत्या. तेव्हा 'श्रीलंका सध्या खूप स्वस्त आहे' याचा अर्थ त्या अंगणातून पाहिला तर वेगळा दिसतो. आपल्याला मिळालेली सूट कोणीतरी आधीच भरलेली असते. तिच्यावर आणखी सूट मागायची म्हणजे फारच झालं.

डोंगरात हेच आणखी ठळक दिसतं. कँडीहून बदुल्लाकडे जाणारी रेल्वे हल्ली जगप्रसिद्ध झाली आहे. १९२१ साली पुरा झालेला नऊ कमानींचा पूल, दारात लटकून काढलेले फोटो, सगळं तुम्ही पाहिलं असेलच. आरक्षित जागा परदेशी पाहुण्यांनी भरलेल्या, आणि तिथली माणसं आपल्याच गाडीत उभी. आम्ही तिसऱ्या वर्गात होतो. डब्यात वडे विकायला आले, कागदाच्या पुडीत. पुडी उलगडली तर कुणा मुलाच्या वहीचं पान! भागाकाराची उदाहरणं, लाल शाईच्या खुणा. गणिताच्या बाईंनी वडा बाजूला ठेवून आधी उदाहरणं तपासली. (तिसरं चुकलं होतं, आणि तिथल्या बाईंनी ते बरोबर पकडलं होतं.)

ही रेल्वे आपल्यासाठी बांधलेली नाही. ती आधी कॉफीसाठी आणि मग चहासाठी बांधली. १८६९ च्या सुमाराला कॉफीवर तांबेरा पडला आणि इंग्रज मळेवाले हळूहळू चहाकडे वळले. पानं खुडायला तमिळ मुलखातून माणसं आणली. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी कायदा करून यातल्या बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारलं गेलं. १९६४ साली आपले शास्त्रीजी आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी माणसांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारतात, तीन लाख तिथे, उरलेल्यांचं नंतर बघू. उरलेल्यांचा प्रश्न पुरता मिटायला २००३ चा कायदा यावा लागला. मळ्यातल्या पुष्कळ घरांना अजून 'लाइन' म्हणतात, इंग्रजांच्या वेळच्या एकाला एक चिकटलेल्या खोल्या. दिवसाची मजुरी २०२१ साली एक हजार रुपये ठरली आणि २०२४ साली तेराशे पन्नास झाली. म्हणजे तेव्हाचे आपले चारशेसुद्धा नव्हते, आणि त्यासाठी ठरलेली किलोंची खूडही भरून द्यावी लागे.

हे सगळं ठाऊक नसेल तर नसेल, माणूस सुट्टीला गेलेला असतो, इतिहासाचा पेपर द्यायला नाही. पण मग निदान तक्रार तरी करू नये. त्याच गाडीत एक जोडपं सांगत होतं, चहा खुडणाऱ्या बायका फोटो काढला की पैसे मागतात, 'टुरिस्टांनी बिघडवून ठेवलंय त्यांना'. अहो, पाठीवर टोपली घेऊन उतारावर उभ्या असलेल्या बाईला तुम्ही हातातलं काम थांबवायला लावता, तिच्याकडून दोन पोझ घेता, तो फोटो चारशे लोकांना दाखवता, आणि शंभर रुपये, म्हणजे आपले अठ्ठावीस-एकोणतीस, मागितले तर ती बिघडली? एल्ला गावच्या कॅफेत फेसाची कॉफी आणि केकचा तुकडा घेतला तर तिच्या दिवसाच्या मजुरीतले निम्म्याहून अधिक संपतात. तिथे या जोडप्याचं काही बिघडलं नसावं.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही भाबड्या आहात, परदेशात लुबाडतात हे खरंच आहे. आहेच खरं. कोलंबोच्या फोर्ट स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याने आम्हाला चौपट भाडं सांगितलं. आम्ही नाही म्हटलं आणि मीटरवाली रिक्षा केली. दर विचारणं, दोन ठिकाणी चौकशी करणं, ठरवून बसणं यात काहीच गैर नाही, गणिताच्या बाई तर दर विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. चालू दर माहीत करून घेणं वेगळं आणि त्या दराखाली माणसाला ढकलून त्याची गंमत वाटून घेणं वेगळं. यातला फरक बाजारात भाजी घेणाऱ्या कोणत्याही बाईला कळतो. घासाघीस आपल्या रक्तातच आहे, पण ती बरोबरीच्या दोघांत शोभते.

परदेशी माणसांसाठी वेगळं तिकीट, यावरही फार आरडाओरडा होतो. सिगिरियाच्या किल्ल्यावर परदेशी माणसाला तीस डॉलरच्या वर तिकीट आहे, सार्क देशांतल्या माणसाला पासपोर्ट दाखवून निम्मं. आमचं त्या दिवसाचं बजेट तिथेच संपलं, संध्याकाळी केळी खाऊन झोपलो. पण अन्याय झाला असं म्हणणार नाही. आपल्या अजिंठ्याला भारतीय माणसाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये तिकीट आहे, तेव्हा आपल्यापैकी कोणी निषेध केल्याचं मला आठवत नाही. तिथल्या मजुराच्या मुलाने आपल्या देशातली चित्रं बघायला डॉलर द्यायचे का? गणिताच्या बाई वरपर्यंत चढल्या, मी सिंहाच्या पंजापाशी बसून राहिले. ते पंजेसुद्धा पैसे वसूल करणारे आहेत.

याच्या उलट टोकाला आपल्या मराठी टुरी आहेत. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. कँडीत पिठलं-भात, बेंतोटाला श्रीखंड-पुरी, बसमध्ये अंताक्षरी. लाखभर रुपये इथेच भरायचे आणि तिथे पोचेपर्यंत त्यातले किती उरतात कोण जाणे. आमचे बाराशे मात्र जसेच्या तसे तिथल्या बसला, टपरीवाल्या मावशीला आणि खोलीवाल्या बाईला गेले. म्हणून तर मला स्वस्त प्रवासाची बाजू घ्यावीशी वाटते. आणि म्हणूनच तिचे स्वतःला पुढारी म्हणवणारे तिची जी अब्रू घालवतात, त्याचा राग येतो.

पैशावाचून फिरणं आपल्याला नवीन आहे का? आमच्या शाळेच्या वर्गांत दर आषाढात दिंडी उतरायची. बाकं कडेला लावून आम्ही सतरंज्या घालायचो. वारकरी जे पानात पडेल ते खायचे, पहाटे वर्ग झाडून जायचे. फळ्यावर 'फुकट राहण्याच्या दहा युक्त्या' कोणी लिहून गेलं नाही. हल्ली आशियातल्या शहरांत सुखवस्तू देशांतली तरुण मुलं रस्त्यावर 'माझ्या जगप्रवासाला मदत करा' असा पुठ्ठा घेऊन बसतात म्हणे, आणि ज्यांच्यापुढे तो पुठ्ठा धरतात त्यांना स्वतःचा पासपोर्टसुद्धा कधी परवडलेला नसतो. थायलंडमध्ये तर शिरताना माणशी वीस हजार बात जवळ आहेत का, असं विचारू शकतात. विचारावंच.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळ श्रीलंकेवर आलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला या डोंगराळ जिल्ह्यांत दरडी कोसळल्या आणि आम्ही वडे खात गेलो त्या रेल्वेमार्गाखालची जमीन ठिकठिकाणी वाहून गेली. आठ दिवसांच्या आत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'श्रीलंका करायची हीच वेळ, हॉटेलं अर्ध्या भावात मिळतील.' खाली सात जणांचे अंगठे. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, वहिनी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हापुतळेच्या बाईंना फोन लागायला दोन आठवडे गेले. त्या बऱ्या होत्या. स्वयंपाकघराची मागची भिंत पडली होती, रस्ता अर्धाच सुरू झाला होता, पाहुणे अर्थातच नव्हते. आम्ही म्हटलं, गाड्या सुरू झाल्या की परत यायचं आहे, खोलीचा दर काय ठेवलाय? त्या म्हणाल्या, अक्का, तुमच्यासाठी दोन हजार. गणिताच्या बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा वर सरकवला, आणि वर्गात आकडा सांगावा तसं एकेक अक्षर सुटं करून त्यांना सांगितलं, "तुन्-दा-ह." तीन हजार. पलीकडून बाई काहीतरी भरभर बोलल्या, आम्हाला एक शब्द कळला नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, "तुन्दाह", आणि वहीत लिहून टाकलं.